निजेचे गाणे निवडताना

आमचे कापडाचे दुकान रात्री साडेनऊला वाढवितात. गल्ल्याचा मेळ घालून, उद्याच्या मालाचे दोन फोन करून चिरंजीव घरी पोहोचेपर्यंत दहा वाजतात. बाजारपेठेतील बहुतेक घरांचा हाच क्रम असतो, म्हणून त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. मलाही वाटत नव्हते. गेल्या आषाढात सूनबाईंना दुसरे अपत्य झाले, त्यांच्या रात्री तान्हीच्या स्वाधीन झाल्या आणि साडेतीन वर्षांच्या नातवाला निजविण्याचे काम माझ्याकडे आले. दोन मुले वाढविलेल्या बाईला त्यात काय अवघड, असे मनाशी म्हणतच मी दिवा मालवला.

नातू म्हणाला, “दादी, चांदोबाचं गाणं लाव.” मी म्हणू लागले, तर हात झटकून म्हणाला, “तोंडाने नाही. मोबाईलवर.”

मोबाईल आला. निळा चंद्र, डुलणारे ढग, कापसासारख्या मेंढ्या; गाणे खरोखरच संथ होते. पाच-सहा मिनिटांत पापण्या जड झाल्या आणि नेमक्या त्याच वेळी कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात कडाडली. पोर दचकून उठून बसले. रडले नाही. जाहिरात शेवटपर्यंत पाहिली आणि शांतपणे म्हणाले, “आता परत पहिल्यापासून.” त्या रात्री त्याचा डोळा लागला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.

पुढील चार महिने मी निजेच्या गाण्याचा शोध घेतला. त्यात चुकाच अधिक झाल्या. त्या येथे मांडते आहे. वाचक भगिनींप्रमाणे बंधूंनीही हे वाचावे, कारण शेवटी हा विषय त्यांच्यापाशी येऊन थांबतो.

आधी हिशेब. अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०१६ साली मुलांच्या झोपेचे जे प्रमाण ठरविले, त्यानुसार १ ते २ वर्षांच्या बालकाला दिवसाची झोप धरून ११ ते १४ तास, ३ ते ५ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप हवी. आमच्या नातवाला शाळेच्या गाडीसाठी सव्वासहाला उठवावे लागते. साडेअकरा ते सव्वासहा म्हणजे पावणेसात तास. दुपारची एक तासाची झोप धरली तरी पावणेआठ. किमान प्रमाणाहूनही रोज सव्वादोन तासांची तूट! दुकानाच्या वहीत अशी तूट आठ दिवस दिसली असती तर घरातील चार माणसे चष्मे लावून बसली असती.

वास्तविक आपल्या घरांना या बाबतीत एक सोय आयतीच लाभलेली आहे. ज्या घरी चौविहार पाळला जातो, तेथे सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात. पुरुषमंडळींचा डबा दुकानावर जातो. मुलाचे पोट वेळेवर भरलेले, स्वयंपाकघर आवरलेले, आणि निजेपर्यंत दीड-दोन तास निवांत. पण दहाला दुकानाची माणसे परतली की घर दुसऱ्यांदा उजाडते. दिवे लागतात, दूरदर्शनसंच सुरू होतो, उधारी-वसुलीची बोलणी निघतात. वडिलांना दिवसभरात मूल दिसलेले नसते, म्हणून त्याला उचलून घेतले जाते, गुदगुल्या होतात. यात प्रेमच असते. त्यामुळे कुणी कुणाला बोलत नाही.

पहिली चूक मोबाईलची. जाहिरातीचा धडा घेऊन मी जाहिरातीविना गाणी मिळण्याची सोय करून घेतली, तरी फारसा फरक पडला नाही. डोळ्यांसमोर धरलेल्या पडद्याचा प्रकाश मेंदूला अजून दिवस असल्याचे सांगतो आणि झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या स्रावाला विलंब होतो. शिवाय ढग पुढे कोठे जातात, हे पाहण्याची मुलाला उत्सुकता असते. म्हणून मी पडदा पालथा करून फोन उशाशी ठेवला. तेही चुकलेच. टोरोंटो येथील संशोधकांनी २०१४ साली बालकांना निजविण्यासाठी बाजारात मिळणारी ध्वनियंत्रे तपासली. एकूण १४ यंत्रे होती. पूर्ण आवाजात, एक मीटर अंतरावरदेखील त्या सर्वांचा आवाज ५० डेसिबलच्या वर गेला; रुग्णालयातील नवजात कक्षासाठी ५० ही मर्यादा सुचविलेली आहे. तीन यंत्रांचा आवाज तर ३० सेंटिमीटरवर ८५ डेसिबलपेक्षा अधिक भरला. आपले नेहमीचे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते. त्यामुळे पाळण्याच्या कठड्याला गाणारे खेळणे बांधणे किंवा उशीखाली फोन सरकविणे टाळावे. गाणे लावायचेच, तर खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात, आणि इतके हळू की दाराशी उभे राहून कुजबुजले तरी ऐकू यावे. निजत्या मुलाच्या कानात इअरफोन तर कधीच नकोत.

दुसरी चूक सांगताना थोडा संकोच होतो. मी स्तवने लावली. रात्री निजताना मुलाच्या कानी प्रभूचे नाव पडावे, ही इच्छा कोणत्या दादीला नसते? परंतु हल्लीची कितीतरी स्तवने चित्रपटगीतांच्या चालींवर बांधलेली असतात आणि त्यांना ढोलक, टाळ्या व घोषाची साथ असते. रथयात्रेत ती शोभतात. वरघोड्यात पावले आपोआप उचलली जातात. आमच्या नातवाचीही उचलली गेली. तो गादीवर उभा राहून नाचू लागला आणि मी त्याला रागे भरले. यात त्याचा अपराध काहीच नव्हता. स्तवनाचे शब्द पवित्र असले म्हणून त्याची लय झोपेची होत नाही.

तिसरी चूक विद्वत्तेची. माहेरी मी चार वर्षे पेटी शिकले होते, तेव्हा संगीतातले आपल्याला थोडेबहुत कळते असा माझा समज. बासरीवर वाजविलेल्या बिहागाचे जुने ध्वनिमुद्रण काढले. बिहाग रात्रीचा राग, बासरी कोमल वाद्य. आणखी काय हवे? आलाप सुरू झाला आणि खरोखरच वीस मिनिटांत नातू निजला. त्याच्याबरोबर मीही निजले. मग तबला आला. मध्यलय, द्रुत, आणि पुढे जे सवाल-जवाब सुरू झाले, त्यांनी आम्ही दोघेही जागे झालो! मैफल श्रोत्याला जागवीत नेण्यासाठीच रचलेली असते, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

तेव्हापासून एक नियम केला. आपण कापडवाले ताग्याचे वरचे टोक पाहून सौदा करीत नाही. चार घड्या उलगडून आतला रंग आणि वीण पाहतो. तसे मुलासाठी निवडलेले गाणे आधी आपण स्वतः, अंधारात आडवे पडून, अखेरपर्यंत ऐकावे. मध्येच आवाज चढतो का, एखादे वाद्य अचानक उभे राहते का, शेवटी टाळ्या आहेत का, एक गाणे संपताच दुसरे भलतेच सुरू होते का, हे त्याशिवाय कळत नाही.

काय ऐकावे, हेही सांगते. सर्वांत महत्त्वाची लय. शांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते ८०च्या आसपास चालते. गाण्याचा ठेका त्याच घरात असावा. मनगटावर बोटे ठेवून पाहिले की लगेच कळते. अनेक अंगाया तीनच्या किंवा सहाच्या अंगाने चालतात. आपल्या दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीनमध्ये विभागल्या आहेत. पाळण्याची दोरी हाती धरून म्हटले तर पहिल्या तीन मात्रांत पाळणा जातो आणि पुढच्या तिनांत परत येतो. दुसरी गोष्ट स्वरांची. सूर थोडे असावेत, उड्या लहान असाव्यात आणि ओळ संपताना चाल खाली उतरावी. तिसरी गोष्ट म्हणजे गाणे कंटाळवाणे असावे. हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. रोज नवे गाणे शोधणारी आई मुलाला रोज जागे राहण्याचे नवे निमित्त देत असते.

रागांविषयी पुष्कळ विचारणा होते म्हणून दोन शब्द. कर्नाटक संगीतात नीलांबरी हा राग अंगाईशी जोडला गेला आहे. आपल्याकडे पिलूच्या छायेत गोड अंगाया झाल्या. १९५१च्या ‘अलबेला’ चित्रपटातील सी. रामचंद्र यांची अंगाई त्यांतलीच. परंतु रागाच्या नावाने झोप येत नाही. तोच पिलू ठुमरीत रंगला तर मध्यरात्रीपर्यंत माणसे उठत नाहीत. वाद्यच हवे असेल तर नुसता तानपुरा लावून पाहावा. त्यात चढउतार नाही, कथा नाही, पुढे काय ही उत्सुकता नाही. सात-आठ वर्षांच्या शाळकरी मुलांना, ज्यांना अंगाई म्हणजे लहान बाळाची गोष्ट वाटते, त्यांना तानपुरा चालतो असा माझ्या भाच्यांवरील अनुभव आहे.

एवढे सगळे कळूनही नातू दहाच्या आत निजत नव्हता. तेव्हा मी या विषयावर जे मिळेल ते वाचू लागले. वाचताना एकच गोष्ट पुन्हापुन्हा समोर येत होती, आणि तीच मी पहिल्या रात्री हात झटकला गेल्यावर सोडून दिली होती. बालक आईच्या उदरात असतानाच ऐकू लागते. १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर या दोन संशोधकांनी दाखविले की जन्मून तीन दिवसही न झालेली बाळे इतर स्त्रीच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज ऐकण्यासाठी चोखणीची गती बदलतात. २०१३ साली न्यूयॉर्कमधील संगीतोपचारतज्ज्ञ जोआन लोवी यांनी ११ रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या २७२ बालकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आईवडिलांना विचारून त्यांच्या आवडीचे, घरातले गाणे घेतले, ते अंगाईसारखे संथ केले आणि बाळाजवळ प्रत्यक्ष म्हटले. बाळांच्या हृदयाची गती शांत होत होती, आणि आईवडिलांची चिंताही कमी झाल्याचे आढळले. हार्वर्डच्या संशोधकांचा २०२० सालचा अभ्यास याहून मौजेचा. त्यांनी बाळांना परक्या देशांच्या, परक्या भाषांतील अंगाया ऐकविल्या. शब्द कळत नसतानाही इतर गाण्यांपेक्षा अंगाईने ती अधिक निवली. याचा अर्थ मी असा घेतला की चाल अंगाईची असली तर शब्द विसरले तरी चालतात. मला या दिलाशाची गरज होती.

कारण आमच्या घरात एक हालरडे होते आणि ते मी विसरले होते.

श्वेतांबर घरांत वाढलेल्या भगिनींना हालरडे म्हणजे काय, हे सांगावयास नको. पर्युषणात कल्पसूत्रातील जन्मवाचन होते, चौदा स्वप्ने उतरतात, बोली बोलून पारणे घरी नेले जाते आणि कवी दीपविजयजींचे महावीरस्वामींचे हालरडे गायले जाते. दिगंबर मंदिरांत महावीर जयंतीला म्हणतात तो पाळणाही त्याच जातीचा. दीपविजयजींच्या त्या हालरड्यात त्रिशला माता बाळ वर्धमानाला झुलविताना अगदी घरगुती स्वप्ने पाहते: मामा-मामी भेटी आणतील, बाळ शिकावयास जाईल, त्याचे लग्न होईल. ते हालरडे पुस्तकात छापलेले आहे, त्यामुळे हरवण्याची भीती नाही. परंतु माझ्या सासूबाईंचे, घरात सर्वांच्या ‘बां’चे, हालरडे वेगळे होते. ते त्यांच्या माहेरच्या, काठियावाडातील गावचे. ते कोणत्याही पुस्तकात नाही.

येथे एक कबुली द्यावयास हवी. दोन मुले वाढविली असे मी आरंभी म्हटले, ते अर्धेच खरे आहे. त्या वर्षांत यजमानांच्या जोडीने मी दुकानात बसत असे. बायकांची गिऱ्हाइकी मीच पाहत होते. मुलांना निजविले बांनी. मी परतत असे तेव्हा जिना चढताना हालरड्याचा शेवट तेवढा कानी पडे. बा जाऊन सहा वर्षे झाली. आठवू गेले तर तीन ओळी हाती लागल्या. अमरेलीस नणंदबाईंना फोन केला. त्यांना दोन आठवल्या, त्याही माझ्या तिनांशी न जुळणाऱ्या. आमच्या घरात आज गुजराती, मराठी आणि इंग्रजी यांची खिचडी शिजते. नातवाला काठियावाडी शब्द कळणारही नाहीत. तरी त्या पाच ओळी मी रोज म्हणू लागले. नातू ऐकून घेई. निजत मात्र नसे.

भाद्रपदातील एका रात्री मी अशीच म्हणत बसले होते. चिरंजीव दुकानातून आले आणि दारातच थांबले.

“मम्मी, चाल अशी नाही. बा इथं खाली उतरायची.”

“तुला येते?”

“शब्द नाही येत.”

तो गादीच्या कडेला टेकला आणि ओठ मिटून नुसते गुणगुणू लागला. शाळा सुटल्यापासून त्याच्या तोंडून गाण्याची एक ओळ मी ऐकली नव्हती. सूरही धड लागत नव्हता. पण दुसऱ्या ओळीच्या अखेरीस चाल जेथे खाली उतरली, तेथे मला आमचा जुना जिना, त्याची खणखणती लोखंडी कडी, सगळे दिसले. नातवाने कूस बदलून वडिलांच्या मांडीवर पाय टाकला. पाच ओळी मी म्हणत होते, चाल तो धरत होता. पाव तासात दोघांपैकी एक निजला होता. दुसऱ्याला मी हलवून जेवणाच्या पाण्याचे विचारले, तर म्हणाला, “चौविहार आहे ना, मम्मी,” आणि पुन्हा गुणगुणू लागला.

गाणे सापडले, पण वेळेचा प्रश्न उरलाच. दहाला आलेल्या वडिलांच्या आवाजाने मूल सव्वादहाला निजते. तूट भरून निघत नाही. मी चिरंजीवांना म्हटले, साडेआठला घरी येऊन जा. दुकान घरापासून दहा मिनिटांवर. यजमानांना हे रुचले नाही. “साडेआठ ही गिऱ्हाइकाची वेळ. नोकरमाणूस त्याच वेळी बायकोला घेऊन येतो,” ते म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्या वेळच्या गल्ल्यावर आमचे घर उभे आहे, हे मीच काउंटरवर बसून पाहिले आहे. दोन दिवस घरात अबोला राहिला. तिसऱ्या दिवशी धाकटे दीर म्हणाले, तेवढा पाऊण तास मी सांभाळतो. आता चिरंजीव साडेआठला येतात, सव्वानऊला परत जाऊन दुकान वाढवितात. रात्री दहाला घरी आल्यावर बैठकीतील एकच दिवा लागतो. तेवढे यजमानांनी आपणहून केले.

क्रम आता ठरलेला आहे आणि तो मोडू नये याची सर्वजण काळजी घेतात. आठ वाजता पडदे बंद. दात घासून झाल्यावर निजेचे सात नवकार, तेही घोकल्यासारखे भरभर नव्हे, एकेका पदाला श्वास घेत. उठताना आठ आणि निजताना सात, ही आपली जुनी शिस्त. मुलाचा श्वास संथ करण्याचे तिच्याइतके सोपे साधन मला दुसरे सापडले नाही. मग हालरडे, तेच, त्याच क्रमाने. मूल पेंगू लागले की आवाज हळू करीत न्यावा आणि पूर्ण निजण्याच्या थोडे आधी थांबावे. गाण्याच्या ध्वनिमुद्रणावर मूल निजत असेल तर वीस-पंचवीस मिनिटांनी ते आपोआप बंद होईल असे पाहावे. रात्रभर चालू ठेवलेले गाणे मध्येच बंद पडले की मूल जागे होऊन तेच मागते. तान्ह्या बाळाला तर गाण्याचीही गरज नसते. छातीशी धरून नुसता हुंकार दिला तरी पुरे. आमच्या सूनबाई तान्हीला तसेच निजवितात. त्यांना हालरडे येत नाही याची त्यांना खंत होती. मी म्हटले, मलाही येत नव्हते.

एक सूचना मात्र आवर्जून. मूल झोपेत रोज घोरत असेल, तोंड उघडे टाकून श्वास घेत असेल किंवा श्वास मध्येच अडल्यासारखा वाटत असेल, तर गाणी बदलत बसू नये; बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

दिवाळीच्या पंधरवड्यात मात्र साडेआठला कुणालाच दुकान सोडता येईना. रात्री अकरापर्यंत गिऱ्हाईक. तेव्हा चिरंजीवांनी एका दुपारी गोदामात, ताग्यांच्या आड बसून हालरडे फोनवर ध्वनिमुद्रित करून पाठविले. आता पाचऐवजी सात ओळी झाल्या होत्या, कारण नणंदबाईंना मध्यंतरी आणखी दोन आठवल्या होत्या. चौथ्या ओळीनंतर त्याला खोकला आला आहे आणि मागे कुणीतरी “साडेपाच मीटर” असे म्हणते. पंधरा रात्री मी ते कपाटावर, पडदा पालथा ठेवून लावले. नातू निजत असे.

दिवाळी झाली, चिरंजीव पुन्हा साडेआठला येऊ लागले. पहिल्याच रात्री चौथी ओळ संपताच नातवाने डोळे उघडले.

“पप्पा, खोकला राहिला.”

तेव्हापासून चौथ्या ओळीनंतर ते खोकतात.